ड्रायव्हरचा पाय आणि गाडीचा खर्च

गाडीच्या दुरुस्तीचा खर्च दोन तऱ्हांचा असतो. एक मुदतीचा. ऑइल, फिल्टर, कूलंट, टायमिंग बेल्ट ही कामे ठरल्या किलोमीटरला किंवा ठरल्या महिन्याला निघतातच, गाडी कोणीही चालवो. दुसरा खर्च मात्र गाडी कोणाच्या पायाखाली आहे त्यावर ठरतो. क्लच, ब्रेक, टायर, शॉकअप, बुश, रेडिएटर ही सगळी त्या दुसऱ्या खात्यातली नावे. एकाच वर्षी घेतलेल्या, एकाच मार्गावर धावणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीची क्लच प्लेट लाख किलोमीटर पुरते आणि दुसरीची चाळीस हजारांत संपते, हे मालेगावातल्या कुठल्याही मिस्त्रीला नवल वाटत नाही. गाडीआधी ड्रायव्हर कोण ते तो विचारतो.

मालेगावात या दुसऱ्या खात्याचा अनुभव भरपूर आहे, कारण इथे गाडीवर पोट असणारे लोक भरपूर आहेत. मोसम आणि गिरणेच्या संगमावरचे हे गाव मुंबई-आग्रा महामार्गावर आहे. धुळे साधारण पन्नास किलोमीटर, नाशिक शंभराच्या थोडे पुढे. यंत्रमागांसाठी सूत आणि बीम वाहणारे, तयार तागे गोदामात पोचवणारे छोटे टेम्पो गल्ल्यांतून फिरत असतात. उमराण्याच्या बाजारात कांदा नेणाऱ्या पिकअप, सटाणा-नामपूरकडच्या काळी-पिवळी जीप, आणि नाशिकच्या दवाखान्यात, शिर्डीला, वणीच्या गडावर किंवा हज-उमराहच्या यात्रेकरूंना घेऊन थेट मुंबईच्या विमानतळावर जाणाऱ्या भाड्याच्या मोटारी. एमएच-४१ पाटीच्या या गाड्यांना एका दिवसात तीन वेगळे रस्ते भेटतात: गावातली पंधरा-वीसच्या वेगाची गर्दी, महामार्गाची सलग धाव आणि घाट. त्यात उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर जातो. गाडीचा कस पाहायला एवढे पुरते.

खर्चाची सुरुवात डाव्या पायापासून करणे योग्य, कारण सगळ्यात महाग सवय तिथेच असते.

क्लचचे काम इंजिनाची फिरकी गिअरबॉक्सपर्यंत जोडणे किंवा तोडणे एवढेच. पेडल पूर्ण सुटलेले असताना प्लेट फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये घट्ट दाबलेली असते. तिन्ही एकाच वेगाने फिरतात, घासत काहीच नाही. पेडल पूर्ण दाबलेले असताना प्लेट सुटी असते, तेव्हाही घासत नाही. झीज होते ती या दोन अवस्थांच्या मधल्या पट्ट्यात. हाफ क्लच म्हणतात तो हाच. गाडी जागची हलवताना त्याची दोन-तीन सेकंद गरज असते. खर्च वाढतो तो ही दोन-तीन सेकंदे दोन-तीन मिनिटांची झाल्यावर.

मोसम पुलावर संध्याकाळी वाहने मुंगीच्या पावलांनी सरकतात. रिक्षा, हातगाड्या, दुचाक्या, मधूनच एखादी एसटी. अशा वेळी नवा ड्रायव्हर पहिला गिअर टाकून, क्लच अर्धा दाबून गाडी रांगेत सरकवत राहतो. मुरलेला ड्रायव्हर गाडी न्यूट्रलला आणतो, दोन्ही पाय मोकळे करतो, पुढे एका गाडीची जागा झाली की मगच पहिला टाकतो आणि क्लच पूर्ण सोडून तेवढे अंतर चालतो. मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू द्यावा. मागच्याच्या घाईसाठी स्वतःची प्लेट जाळणारे ड्रायव्हर पुष्कळ असतात, आणि प्लेटचे बिल मागचा भरत नाही.

चढावरची चूक याहून मोठी. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढणाऱ्या घाटात किंवा कसाऱ्याला वाहतूक थांबली की काही जण ब्रेक न लावता क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या तोलावर गाडी धरून ठेवतात. गाडी जागेवर स्थिर दिसते, त्यामुळे काही बिघडतेय असे वाटत नाही. आत मात्र फ्लायव्हील फिरत असते आणि प्लेट थांबलेली असते, म्हणजे इंजिनाची सगळी ताकद घासण्यात आणि तापण्यात जाते. थोड्याच वेळात जळकट वास येतो. तो वास आला तेव्हा प्लेटचे काही हजार किलोमीटर संपलेले असतात. हँडब्रेक ओढून थांबावे, निघताना क्लच पकड घेईपर्यंत सोडावा, गाडीचे नाक किंचित उचलल्यासारखे झाले की हँडब्रेक खाली करावा, हे शिकायला एक सकाळ पुरते.

खोललेली प्लेट पाहिली की हे सगळे डोळ्यांसमोर येते. गोणपाटावर ठेवलेल्या त्या तबकडीच्या दोन्ही अंगांना घर्षणाचा थर असतो, रिव्हेटांनी जोडलेला. चांगल्या हाताच्या गाडीत तो सगळीकडे सारखा झिजलेला, मळकट तपकिरी दिसतो. रिव्हेटांची डोकी अजून खाली, खड्ड्यात असतात. हाफ क्लचवर चाललेल्या गाडीत थर काचेसारखा चकाकतो, कडेला काळा पडतो, आणि रिव्हेट वर येऊन त्यांनी फ्लायव्हीलवर गोल चरे पाडलेले असतात. प्रेशर प्लेटच्या लोखंडावर निळसर डाग उमटतात. ते तापलेल्या पोलादाचे रंग. मिस्त्री त्यावरून नख फिरवतो आणि पहिला प्रश्न ठरलेला विचारतो: गाडी घाटात किती वेळ उभी होती? चरे खोल असतील तर फ्लायव्हीलही लेथवर जाते, आणि प्लेटपुरते असलेले काम दुप्पट होते.

तिसरा नमुना आवाजाचा. प्लेट बरी आहे, पण पेडलला पाय लागला की घरघर. हा रिलीज बेअरिंगचा आवाज. काही जणांचा डावा पाय गाडी चालू असताना पेडलवर नुसता विसावलेला असतो. दाब फार नसतो, पण बेअरिंगला कायम काम लागते आणि प्लेटची पकडही थोडी ढिली राहते. पेडलच्या डाव्या बाजूला पाय ठेवायला जागा दिलेली असते ती याचसाठी. गिअरच्या दांडीवर हात ठेवून चालवण्याबद्दलही असेच सांगितले जाते. त्यातले नुकसान क्लचच्या मानाने किरकोळ आहे, पण तो हात स्टिअरिंगवर असलेला बरा, हे कारण त्याहून मोठे.

हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर एखाद्या मोठ्या डिझेल गाडीचा क्लच सेट मजुरीसकट चौदा हजारांना पडला असे धरू. लाख किलोमीटर चालला तर किलोमीटरमागे चौदा पैसे, चाळीस हजारांत गेला तर पस्तीस पैसे. भाड्याचा दर ठरवताना या एकवीस पैशांचा विचार कोणी करत नाही. महिन्याला तीन हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीत ते सहाशे तीस रुपये होतात.

उजव्या पायाचे गणित वेगाचे आहे. धावत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि ब्रेक दाबला की ती सगळी उष्णता होऊन डिस्क-पॅडवर किंवा ड्रम-लायनरवर येते. माणसांसकट चौदाशे किलोची गाडी ताशी साठ किलोमीटरवरून थांबवली तर साधारण १९४ किलोज्यूल उष्णता तयार होते. ऐंशीवरून थांबवली तर ३४६. वेग तिसऱ्या हिश्श्याने वाढला, ब्रेकवरचा भार पावणेदोन पटींच्या वर गेला. महामार्गावर मालेगाव ते धुळे या पट्ट्यात पुढची गाडी गाठायची, मागे चिकटायचे, कच्चकन ब्रेक मारायचा, पुन्हा उसळी घ्यायची, अशा पद्धतीने जाणारा आणि एका लयीत सत्तरवर जाणारा यांच्यात वाटेतल्या झोडग्याला फार तर पाच-सात मिनिटांचा फरक पडतो. पॅडच्या आयुष्यातला फरक मात्र निम्म्याचा असू शकतो.

म्हणून ब्रेकची बचत खरे तर डोळ्यांनी होते. दोनशे मीटरवर ट्रॅक्टर दिसला, फाट्यावर जीप प्रवासी घ्यायला थांबलेली दिसली, की ॲक्सिलरेटर सोडायचा. गाडी गिअरमध्येच असते, इंजिन स्वतःच वेग ओढून धरते. आजच्या इंजेक्शन पद्धतीच्या गाड्यांत अशा वेळी इंजेक्टर इंधन तोडतात. चाके इंजिनाला फिरवत असतात. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली की इंधन वाचते ही समजूत कार्ब्युरेटरच्या काळातून चालत आली आहे. नव्या गाडीत न्यूट्रलला इंजिन चालू ठेवण्यासाठी उलट इंधन लागते, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिनच बंद करून उतरणे तर जिवावरचे, कारण ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन वेळा दाबण्यात संपतो आणि पेडल दगड होते.

चांदवड सोडून मालेगावकडे येताना राहुड घाटाचा उतार लागतो. रस्ता रुंद आहे, त्यामुळे घाट असल्याचे लक्षात येत नाही. भरलेले ट्रक इथे कमी गिअरमध्ये, इंजिनच्या ओढीवर उतरतात. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या ट्रक ड्रायव्हरांचा नियम मोटारीलाही तंतोतंत लागू पडतो. ब्रेक लावायचा तर थोडा वेळ पक्का दाबावा आणि सोडावा, म्हणजे डिस्कला निवायला वेळ मिळतो. पेडलवर पाय हलका ठेवून सगळा उतार उतरणाऱ्याचे पॅड तापून गुळगुळीत होतात आणि खाली पोचेपर्यंत ब्रेक लागेनासे वाटतात.

त्यात ब्रेक ऑइल जुने असेल तर धोका दुणावतो. हे द्रव हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट-४ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यावर तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. कॅलिपर तापला की ओलाव्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जाते. दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायला लागणारे काही शे रुपये वाचवणारा माणूस काटकसरी नव्हे. आणखी एक स्थानिक सवय: गडावरून उतरून आलेली, चिखल-धुळीने माखलेली गाडी तशीच वॉशिंग सेंटरवर घालणे. तापलेल्या डिस्कवर थंड पाण्याचा जोरदार फवारा बसला तर ती वाकण्याचा धोका असतो. मग ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरते. एक चहा होईपर्यंत थांबले तर हे टळते.

टायरच्या बाबतीत मालेगावच्या उन्हाळ्याने एक चुकीची रीत रुजवली आहे. ऊन वाढले की टायर फुटतात म्हणून मे महिन्यात हवा कमी ठेवायची. नेमके उलटे होते. हवा कमी असलेल्या टायरची बाजू प्रत्येक फेरीला जास्त दबते आणि सुटते. रबर आतल्या आत वाकून तापते, आतले धागे सुटू लागतात आणि टायर फुटतो तो या तापण्याने. सकाळी सत्तावीस अंशांना टायर गार असताना ३३ पाउंड हवा भरली आणि दुपारी धावून टायरचे तापमान बासष्टवर गेले, तर काटा ३८-३९ दाखवेल. हा फुगवटा टायर बनवणाऱ्याने हिशेबात धरलेला असतो. तो पाहून घाबरून दुपारी हवा ३३ पर्यंत सोडली, की दुसऱ्या सकाळी त्याच टायरमध्ये २८ च उरते, आणि त्या दिवशीचा प्रवास कमी हवेवर होतो. हवा सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चालायच्या आत पाहावी. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेला असतो. पंपावरच्या मुलाचा अंदाज धरू नये. पाच माणसे आणि सामान असेल तर त्याच पट्टीवर भरलेल्या गाडीचा वेगळा आकडा असतो.

टायरची झीज वाचता आली की गॅरेजात जायच्या आधीच निम्मे निदान होते. दोन्ही कडा झिजल्या आणि मधली नक्षी शाबूत असेल तर हवा कमी. मध्येच झिजला तर जास्त. एकाच कडेला झिजला तर अलाइनमेंट बिघडलेली. हात फिरवल्यावर चढ-उतार लागले, जागोजागी वाट्या पडल्यासारखे वाटले, तर शॉकअप संपत आले आहेत. नक्षीच्या खोबणीत आडवे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, आणि मोटारीचा टायर तिथे कायद्यानेही बाद. वीस हजारांचे चार टायर चाळीस हजार किलोमीटर गेले तर किलोमीटरमागे पन्नास पैसे, पंचवीस हजार गेले तर ऐंशी पैसे. क्लचच्या एकवीस पैशांत हे तीस मिळवले तर तीन हजार किलोमीटरच्या महिन्यात दीड हजार रुपयांच्या वर रक्कम जाते, आणि अजून गाडीच्या खालच्या भागाकडे वळणे बाकी आहे.

खालचा भाग म्हणजे मुख्यतः गतिरोधकांची गोष्ट. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल गतिरोधकाची मापे दिलेली आहेत: रुंदी ३.७ मीटर, उंची दहा सेंटिमीटर, ताशी पंचवीस किलोमीटरने सुखाने ओलांडता यावा असा. तालुक्याच्या रस्त्यांवर प्रत्यक्षात भेटतात ते गावकऱ्यांनी अपघातानंतर रागाने घातलेले, वीतभर रुंदीचे आणि तेवढ्याच उंचीचे डांबराचे कट्टे. त्यांवर रंग नसतो, पाटी नसते. ड्रायव्हरला ते पाठ असतात, नसतील तर शॉकअपला होतात.

इथे एक बारकावा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. उंचवटा चढताना ब्रेक दाबलेला असेल तर गाडीचे नाक आधीच खाली गेलेले असते, पुढची स्प्रिंग दबलेली असते, आणि धक्का खायला तिच्याकडे जागा उरत नाही. धक्का थेट शॉकअपच्या वरच्या माउंटिंगला, लिंक रॉडला, लोअर आर्मच्या बुशांना बसतो. गॅरेजात त्या आर्मला चिमटा म्हणतात. म्हणून वेग आधी कमी करायचा आणि चाक चढायच्या क्षणी ब्रेक सोडायचा. खड्ड्याचेही तेच: चुकवता येत नसेल तर खड्ड्याआधी ब्रेक, खड्ड्यात मोकळे चाक. बुश शंभर-दोनशे रुपयांचा असतो. तो वाजत असताना तसाच चालवला की बॉल जॉइंट ढिला होतो, त्याने अलाइनमेंट जाते, आणि अलाइनमेंट टायर खाते. गाडीत एकटा भाग क्वचितच मरतो.

पिकअपवाल्यांची कथा वेगळी. कांद्याच्या हंगामात क्षमतेच्या दीडपट माल घातला की एका खेपेचे भाडे वाचल्यासारखे वाटते. मागचे पाटे सरळ होतात, मग उलटे वाकतात. व्यापारी मोकळा होतो आणि पाट्यांचा, एक्सलच्या बेअरिंगचा, मागच्या टायरांचा खर्च गाडीमालकाच्या अंगावर राहतो. यात चालवण्याच्या कौशल्याने काही वाचत नाही. जास्तीच्या गोण्या खाली उतरवणे हाच उपाय, आणि तो मालकाला पटतोच असे नाही.

उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा खर्च तापमानाच्या काट्याकडे दुर्लक्ष केल्याचा असतो. मालेगावात त्याला आणखी एक स्थानिक कारण जोडले जाते. लूमच्या गल्लीत रोज तासन् तास उभ्या राहणाऱ्या टेम्पोच्या रेडिएटरच्या जाळीत आणि एअर फिल्टरमध्ये धुळीबरोबर सुताचे बारीक तंतूही अडकतात. पुढून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसते. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत मात्र राखाडी लोकरीसारखा थर साचलेला असतो. हवा आरपार जात नाही, पंखा फिरत राहतो, पाणी तापत राहते. पंधरवड्याला हवेच्या नळीने आतून बाहेर फुंकून घेतले की भागते. पाण्याचा फवारा हळू मारावा, जोराने जाळीची पाती वाकतात.

कूलंटच्या जागी बोअरचे पाणी ओतणे ही दुसरी सवय. या भागातले बोअरचे पाणी जड असते. क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. पाणी संपलेच तर घालावे, पण गावी पोचल्यावर काढून कूलंट भरावे. काटा वर जाऊ लागला की आधी एसी बंद, मग हीटर पूर्ण उघडा. मे महिन्यात हीटर लावणे म्हणजे शिक्षाच, पण हीटरही एक छोटा रेडिएटरच आहे आणि तो इंजिनाची उष्णता आत ओढतो. तरी काटा थांबला नाही तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि झाकण गार होईपर्यंत उघडू नये. लग्नाचे वऱ्हाड मागे बसलेले, मुहूर्त जवळ आलेला, अशा वेळी अजून पाच किलोमीटर म्हणून गाडी दामटली जाते. त्या पाच किलोमीटरांत ॲल्युमिनियमचे हेड वाकते, गॅस्केट जाते, कूलंट ऑइलमध्ये मिसळते. शंभर-दीडशे रुपयांच्या फुटक्या पाइपची किंमत तिथून पुढे पाच आकड्यांत मोजावी लागते.

नव्या डिझेल गाड्यांनी जुन्या ड्रायव्हरांना काही गोष्टी नव्याने शिकायला लावल्या आहेत. टर्बोचा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतो आणि त्याचे बेअरिंग ऑइलच्या पातळ थरावर तरंगते. महामार्गावरून शंभर किलोमीटर दौडत येऊन ढाब्यावर थांबता क्षणी चावी फिरवली तर ऑइलचा पुरवठा थांबतो, तापलेल्या बेअरिंगमधले ऑइल जळून काजळी होते. मिनिटभर इंजिन चालू ठेवायचे, मग बंद करायचे. सकाळी सुरू केल्यावरही अर्धा मिनिट तसेच. रेस मारून इंजिन गरम करण्याची रीत जुन्या जीपबरोबर जायला हवी होती.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकानंतर डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर आला. धुराचे तापमान पाच-सहाशे अंशांपर्यंत गेले की त्यात साठलेली काजळी जळून जाते. नुसते गावात, दोन-दोन किलोमीटरच्या खेपा मारणाऱ्या गाडीत हे तापमान येतच नाही. फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, गाडी ओढत नाही. दिवा लागल्यावर वीस-पंचवीस मिनिटे धुळ्याच्या रस्त्याला एका लयीत, मधल्या फेऱ्यांवर गाडी चालवली तर बहुतेक वेळा तो आपोआप विझतो. दिवा दुर्लक्षून गावातच फिरत राहिले तर फिल्टर काढावा लागतो, आणि तो या गाडीतला सगळ्यात महाग भागांपैकी एक. हळू आणि जपून चालवणे म्हणजे नेहमीच काटकसर नव्हे. कमी वेगात वरचा गिअर टाकून इंजिनाला कण्हायला लावणाऱ्यांनाही हेच सांगावे लागते. त्या थरथरीने इंजिनाची माउंटिंग आणि गिअरबॉक्स दोन्ही खिळखिळे होतात.

पावसाळा मालेगावला थोडाच, पण आला की फरशी पुलांवरून पाणी वाहते. इंजिन हवा ओढते ती नळी बंपरच्या मागे, बऱ्याच गाड्यांत हेडलाइटच्या उंचीला असते. तिथून पाणी सिलिंडरमध्ये गेले तर ते हवेसारखे दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारायचा नाही, ढकलून बाहेर काढायची, हा नियम अपवादाशिवाय पाळावा. नेहमीच्या विम्यात हे इंजिन बसत नाही. त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. पुलावर किती पाणी आहे हे कळत नसेल तर पाणी उतरायची वाट पाहणे स्वस्त.

इतके करूनही भाग झिजतातच, आणि झिजलेला भाग मोडायच्या आधी बोलतो. म्हणून रोज दोन मिनिटे काचा खाली, गाणी बंद, एसी बंद करून गाडी चालवण्याची रीत काही ड्रायव्हर पाळतात. वळताना पुढून कट-कट आवाज आला तर एक्सलचा जॉइंट. त्याआधी त्याचे रबरी बूट फाटलेले असते आणि चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसतात. शिंतोडे दिसताच बूट बदलले तर काही शे रुपये, कट-कट ऐकू येईपर्यंत थांबले तर काही हजार. वेगाबरोबर वाढणारी गुणगुण चाकाच्या बेअरिंगची. ब्रेक दाबल्यावर येणारी बारीक शीळ पॅड संपल्याची. ही शीळ मुद्दाम बसवलेल्या पत्र्याची असते, तेवढ्यासाठीच.

हिशेब ठेवण्याची सवय मात्र फार थोड्यांना असते. एसटीच्या आगारात दहा लिटर डिझेलमागे गाडी किती किलोमीटर गेली हे नोंदले जाते, आणि त्या आकड्यावरून चालकाचा पायही कळतो. खासगी गाडीवाल्याला तेवढीच वही पुरते: तारीख, किलोमीटर, डिझेल, काम, रक्कम. टाकी प्रत्येक वेळी पूर्ण भरली तर सरासरी खोटी निघत नाही. सरासरी अचानक दोन किलोमीटरने उतरली तर टायरची हवा, चिकटलेला ब्रेक, तुंबलेला फिल्टर किंवा घसरणारा क्लच यांपैकी काहीतरी सुरू झालेले असते. एकाच गाडीवर दोन ड्रायव्हर आळीपाळीने असतील तर वहीत नाव लिहिण्याचा रकाना वाढवावा. त्याने भांडणे होतात हे खरे, पण क्लच कोणाच्या पाळीत जातो ते वर्षभरात कळते.

पायाने वाचवता न येणाऱ्या गोष्टींची यादीही लहान नाही. टायमिंग बेल्ट कितीही हळू चालवले तरी मुदतीला बदलावा लागतो. तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. ऑइल किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षाने बदलावे. उन्हाने बॅटरीचे आयुष्य थंड गावातल्यापेक्षा कमी होते, निंबाच्या सावलीत गाडी लावून थोडेफार वाचते तेवढेच. फार कमी चालणाऱ्या गाड्यांत उलट फसगत होते, कारण सगळे नवे दिसते. टायरच्या बाजूवर एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी अजून निम्म्याहून जास्त शिल्लक असेल, पण बाजूच्या रबराला केसासारख्या भेगा गेलेल्या असतील तर तो टायर लांबच्या भाड्याला लावू नये.